राहून गेलेला सिनेमा : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की असा कुठला गाजलेला सिनेमा आहे जो तुम्ही एवढे सिनेमावेडे असूनही अजून बघितलेला नाही, आणि का नाही. पत्रं आली, ईमेल आले, व्हॉट्सॲपवर तर रात्री एक-एक वाजता मोठमोठे मेसेज आले. सिनेमाच्या नावापेक्षा 'का नाही' हाच भाग लोकांनी जास्त मनापासून लिहिलाय, आणि मला तोच हवा होता. एक शब्द मात्र खूप पत्रांत दिसला, लाज. तो आधी काढून टाकूया. जगात दर वर्षी हजारो सिनेमे बनतात, कुणीच सगळं बघितलेलं नाही, समीक्षकांनीही नाही आणि महोत्सवाच्या ज्युरीतल्या लोकांनीही नाही. बऱ्याच पत्रांत मला असं दिसलं की सिनेमा आडवा आलेला नाही, त्याचं मोठं नाव आडवं आलंय. एवढं ऐकलेलं असतं की तो सिनेमा न वाटता परीक्षेचा पेपर वाटायला लागतो. म्हणून खाली मी शक्यतो नावाबद्दल न बोलता आतल्या माणसांबद्दल बोलणार आहे.

प्रश्न (कॉलेजची विद्यार्थिनी, पणजी) : ताई, मी दर वर्षी इफ्फीचा, म्हणजे आपल्या गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, पास काढते, कोरियन इराणी सगळं बघते, पण 'पथेर पांचाली' अजून बघितला नाही. ग्रुपमध्ये विषय निघाला की मी नुसती मान हलवते. सगळे म्हणतात गरिबीवरचा आहे, स्लो आहे, खूप रडवतो. आता कुणाला सांगायची पण सोय राहिली नाही. खरंच बघायलाच हवा का?

उत्तर : अगं, आधी ते मान हलवणं सोड आणि सरळ सांग की बघितला नाही, ग्रुपमधल्या निम्म्यांनी तरी पूर्ण बघितलेला नसेल. आणि हो, बघायला हवाच, पण 'हवाच' म्हणून नको बघू.

गरिबीवरचा सिनेमा असं म्हटलं की डोळ्यासमोर काहीतरी करडं, उपदेश करणारं येतं. 'पथेर पांचाली'त गरिबी आहेच, पण पहिला बराच वेळ तू चक्क हसणार आहेस. दुर्गा नावाची पोरगी दुसऱ्याच्या बागेतले पेरू चोरते आणि म्हाताऱ्या आत्याला, इंदिर ठाकरूनला, नेऊन देते. ही म्हातारी कमरेत वाकलेली, दात नसलेली, लबाड आणि प्रेमळ, तिचं काम चुनीबाला देवींनी केलंय, जुन्या काळातल्या रंगभूमीवरच्या नटी होत्या त्या, तेव्हा वय ऐंशीच्या घरात. मिठाईवाला गावातून जातो, त्याच्या मागे दोन्ही पोरं, पोरांच्या मागे कुत्रा, आणि ती सगळी वरात तळ्यातल्या पाण्यात उलटी दिसते. विकत घ्यायला पैसे नाहीत, तरी मागे जायचं. हे आपल्यापैकी कुणी केलेलं नाही? जत्रेतल्या फेरीत खाज्यांच्या दुकानासमोर पोरं उभी राहतात ना, तेच आहे ते.

तू सिनेमाची पोरगी आहेस म्हणून हे पण सांगते. सत्यजित राय तेव्हा कलकत्त्यात जाहिरात कंपनीत नोकरी करायचे, कंपनीनं लंडनला पाठवलं तिथे १९५० साली त्यांनी इटलीचा 'बायसिकल थीव्हज' बघितला आणि ठरवलं की असाच, खऱ्या जागी जाऊन, नवख्या लोकांना घेऊन सिनेमा करायचा. १९५२ मध्ये शूटिंग सुरू झालं ते सुट्टीच्या दिवशी, पैसे संपले की बंद. कॅमेरामन सुब्रत मित्र एकवीस वर्षांचे, त्याआधी सिनेमाचा कॅमेरा हाताळलेला नव्हता. बायकोचे दागिने गहाण पडले, शेवटी पश्चिम बंगाल सरकारनं पैसे घातले आणि १९५५ ला सिनेमा आला, पुढच्या वर्षी फ्रान्सच्या कान महोत्सवात त्याला मानवी दस्तऐवज म्हणून खास पुरस्कार मिळाला. बहुतेक नवख्या लोकांनी तीन वर्षं लावून केलेलं काम आहे हे. स्लो आहे का? पाऊस यायच्या आधी तळ्यावर किडे नाचतात, पाणी थरथरतं, तेवढा वेळ तो घेतो. आपल्याकडे जूनमध्ये पहिला पाऊस यायच्या आधी गावात कसं होतं ते तुला माहीत असेल तर तुला तो वेळ जास्त वाटणार नाही.

रडवतो, हे खरं. कुठे ते सांगत नाही. फक्त वडील घरी परत येतात त्या सीनला मोबाईल बाजूला असू दे आणि कान उघडे ठेव, तिथे रविशंकरांच्या संगीतानं जे केलंय ते नीट ऐकलं पाहिजे. आणि जुनी फुटकी प्रिंट बघू नकोस. १९९३ मध्ये लंडनच्या लॅबला आग लागली त्यात रायांच्या सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह जळल्या, नंतर इटलीत बोलोन्याला त्या जळक्या रिळांतून मिळेल तेवढं वाचवून, बाकीचं दुसऱ्या प्रिंटवरून घेऊन २०१५ ला नवी कॉपी आली. ती बघ. तुझी अर्धी 'स्लो'ची तक्रार त्या स्वच्छ चित्रानंच जाईल असं मला वाटतं, कारण अंधुक प्रिंटमध्ये बघण्यासारखं काही दिसतच नाही मग माणूस फक्त वाट बघत बसतो.

प्रश्न (गृहिणी, म्हापसा) : माझे मिस्टर आणि मी दोघंही पिक्चरवेडे. पण 'सेव्हन सामुराई' साडेतीन तासांचा म्हणून राहिलाय, आणि आता तो बेल्जियमचा 'जान दिलमान', तोही तसाच लांब. तुकडे तुकडे करून बघितला तर चालतो का?

उत्तर : पहिल्याला चालतो, दुसऱ्याला नाही. कारण सांगते.

जपानचा 'सेव्हन सामुराई' २०७ मिनिटांचा आहे आणि दिग्दर्शक कुरोसावानं स्वतःच मध्ये इंटर्व्हल ठेवलंय, तेव्हा तिथे थांबून जेवून घ्या, दुसरा भाग दुसऱ्या दिवशी बघितला तरी काही बिघडत नाही. गोष्ट अगदी सरळ. पीक कापणीला आलं की दरोडेखोर येणार, गावकऱ्यांकडे द्यायला पैसे नाहीत, म्हणून फक्त जेवणावर लढायला तयार होतील असे सामुराई, म्हणजे तलवारबाज योद्धे, शोधायचे. सामुराईंना भात मिळावा म्हणून गावकरी स्वतः हलकं धान्य खातात, हे त्या सामुराईंना कळतं तो सीन बघा म्हणजे कळेल की हा मारामारीचा सिनेमा असूनही सगळा जीव कशात आहे. पहिला तासभर तर माणसं जमवण्यातच जातो आणि तोच मला सगळ्यात आवडतो. आणि खरं सांगू का, साडेतीन तासांना आपण गोव्यातली माणसं कशाला घाबरायचं? जत्रेला देवळासमोरच्या मंडपात रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत आपण नाटक बघत बसतो, मांडीवर पोर झोपलेलं असतं, मध्ये चहा होतो, कुणी उठत नाही. बसायची ताकद आपल्याकडे आहेच.

'जान दिलमान'चं वेगळं आहे. शांताल आकरमान नावाच्या पंचविशीतल्या बाईनं १९७५ मध्ये केलेला हा सिनेमा, २०१ मिनिटं, ब्रसेल्समधल्या एका विधवेचे तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, पलंग आवरते, मुलाला जेवायला वाढते, दुपारी घरात पुरुष येतात त्यांच्याकडून पैसे घेते, परत आवरते. कॅमेरा जागचा हलत नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला तिचा सगळा क्रम पाठ होतो, आणि दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. एवढंच होतं, पण तोपर्यंत तुम्ही त्या घरात एवढ्या मुरलेल्या असता की पोटात गोळा येतो. तुकडे केले तर तो क्रम अंगात भिनत नाही आणि मग बटाटे हे नुसते बटाटेच राहतात. ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाची दर दहा वर्षांनी यादी येते, जगभरच्या समीक्षकांना विचारून, १९५२ पासून चालू आहे, त्यात १९६२ ते २००२ 'सिटिझन केन' पहिला असायचा, मग २०१२ ला 'व्हर्टिगो' आला आणि २०२२ ला हा सिनेमा, बाईनं केलेला सिनेमा पहिल्या नंबरवर यायची पहिलीच वेळ. लोकांनी वाद घातले, घालू देत. पण जिनं वीस-तीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलंय तिला हा सिनेमा त्या वाद घालणाऱ्यांपेक्षा जास्त कळेल, मला याची खात्री आहे. मिस्टरांना शेजारी बसवा. उठू देऊ नका.

प्रश्न (निवृत्त शिक्षिका, फोंडा) : मला परदेशी सिनेमा बघायची खूप हौस, पण इंग्रजी सबटायटल वाचेपर्यंत पुढची ओळ येते. मराठी पुस्तक मी एका दिवसात वाचते, पण हे जमत नाही. मग गाजलेले सिनेमे आमच्यासाठी नाहीतच का?

उत्तर : बाई, आहेत, भरपूर आहेत. घरी बघताना थांबवून वाचा, त्यात काही कमी होत नाही, बऱ्याच ॲपवर अक्षरं मोठी पण करता येतात, सेटिंगमध्ये जाऊन नातवंडांना करायला सांगा. किंवा नातवालाच मोठ्यानं वाचायला बसवा, त्याचाही सिनेमा बघून होईल.

पण सुरुवात कमी बोलणाऱ्या सिनेमांनी करा. चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' १९३१ चा, तेव्हा बोलपट येऊन काही वर्षं झाली होती तरी त्यानं पात्रांना बोलतं केलं नाही. फ्रान्सचा 'द रेड बलून' १९५६ चा, फक्त ३४ मिनिटांचा, एक मुलगा आणि त्याच्या मागे मागे पॅरिसभर फिरणारा लाल फुगा, बोलणं जवळपास नाहीच. मग इराणचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस', अब्बास किआरोस्तमींचा, १९८७. हा तुम्ही शिक्षिका आहात म्हणून मुद्दाम सांगते. मित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आली, उद्या वहीत अभ्यास नसेल तर मास्तर त्याला शाळेतून काढणार, म्हणून आठ वर्षांचा अहमद शेजारच्या गावात त्याचं घर शोधत हिंडतो. बोलणं आहे, पण मुलगा तेच तेच परत परत सांगतो कारण मोठी माणसं ऐकतच नाहीत, तेव्हा दहा मिनिटांनी सबटायटलकडे बघायचीही गरज पडत नाही. दीड तासापेक्षा कमी आहे. आणि शेवट, शाळेत पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाला तो कसा वाटेल याचा मी विचार करतेय.

आणि एक विचारू का, 'संत तुकाराम' बघितलाय? प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा, १९३६. सबटायटलचा प्रश्नच नाही. गाणी सगळ्यांना माहीत असतात पण सिनेमा पूर्ण बघितलेली माणसं मला फार कमी भेटतात, आमच्या आईवडिलांनी बघितला म्हणजे आपणही बघितला असं काहीतरी डोक्यात बसलेलं असतं. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला होता. विष्णुपंत पागनीस तुकाराम झालेत असं वाटतच नाही, तुकारामच दिसतो. पण माझ्यासाठी हा सिनेमा जिजाईचा आहे. नवरा विठ्ठलात बुडालेला, घरात पीठ नाही, पोर आजारी, आणि ही बाई सरळ देवाशी भांडायला देवळात धडकते. भक्तिपटात एवढी खरी, एवढी कातावलेली संसारी बाई, तेही १९३६ मध्ये. 'आधी बीज एकले' हा तुकोबांचाच अभंग असं कितीतरी लोक समजतात, ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं गाणं आहे, एवढं ते तुकोबांच्या भाषेत मिसळून गेलंय.

प्रश्न (इंजिनिअर, मडगाव) : सगळे जपान-इटलीबद्दल बोलतात. गोव्यातले किती सिनेमे आपण गोंयकारांनी बघितलेत? मी स्वतः 'नाचूंया कुंपासार' सोडला तर काहीच बघितलं नाही. कुठून सुरू करू?

उत्तर : या पत्रासाठी थँक्यू, खरंच, हा प्रश्न यायलाच हवा होता.

'पल्तडचो मनीस'पासून सुरू करा. लक्ष्मीकांत शेटगावकरांनी केलेला, महाबळेश्वर सैलांच्या कादंबरीवरून, २००९ ला टोरोंटोच्या महोत्सवात जगभरच्या समीक्षकांच्या संघटनेचा, फिप्रेस्कीचा, पुरस्कार मिळालेला कोंकणी सिनेमा. त्या वेळी पेपरात मोठ्या बातम्या आल्या, सगळ्यांना अभिमान वाटला, आणि मग? माझ्या ओळखीतल्या दहा माणसांना विचारलं तर सगळ्यांना पुरस्कार माहीत आणि गोष्ट बहुतेकांना माहीत नाही. गोष्ट अशी की सीमेवरच्या रानात एक फॉरेस्ट गार्ड, विनायक, बायको गेलेली, एकटा राहतो. एक वेडसर बाई रानात भटकत येते. तो आधी हाकलतो, मग जेवायला देतो, मग तिला घरात ठेवतो, आणि गाव मध्ये पडतो. त्याच गावात देऊळ बांधायचं काम चाललेलं असतं. हे देऊळ बांधणारे लोक आणि एका निराधार बाईला घरात घेणारा माणूस, यांना समोरासमोर उभं केलंय पण कुठेही कुणी भाषण देत नाही. चित्तरंजन गिरी आणि वीणा जामकर, दोघांची कामं अशी आहेत की रात्री झोप येत नाही. रानाचा आवाज तर ज्यांनी सत्तरी, सांगे, काणकोण बघितलंय त्यांना लगेच ओळखू येईल. आपलीच माणसं, आपलंच रान, आणि आपण टोरोंटोच्या लोकांनंतर बघायचं हे मला मनापासून लागतं.

मग मागे जा. १९५० चा 'मोगाचो आंवडो' हा पहिला कोंकणी सिनेमा, २४ एप्रिलला आला, त्या दिवशी अजून कोंकणी चित्रपट दिन साजरा होतो. १९६३ चा 'आमचें नशीब' आणि १९६६ चा 'निर्मोण', दोन्हींच्या मागे संगीतकार फ्रँक फर्नांड. 'निर्मोण'ची गोष्ट एवढी चालली की त्यावरून पुढच्या वर्षी हिंदीत 'तकदीर' झाला. गाणी तुमच्या घरी कुणी ना कुणी गुणगुणत असणार, आता ती गाणी ज्या गोष्टीत बसतात ती गोष्ट बघा. आणि श्याम बेनेगलांचा 'त्रिकाल', १९८५, हिंदी, पण मुक्तीच्या आधीचं १९६१ चं गोवा, आणि शूटिंग लोटलीला मारिओ मिरांडांच्या घरात. तुमच्यापासून गाडीनं किती लांब आहे ते! आधी सिनेमा बघा आणि मग एखाद्या रविवारी त्या रस्त्यानं जाऊन या.

'नाचूंया कुंपासार' बघितलात ते छान झालं, तो रवींद्र भवनासारख्या हॉलमधून लोकांनी गर्दी करून बघितला, म्हणजे आपल्याकडे प्रेक्षक आहे. दाखवणारं कुणी हवं एवढंच.

प्रश्न (तरुण वाचक, साखळी) : 'द गॉडफादर'चा प्रत्येक सीन मीममध्ये बघून झालाय, 'सिटिझन केन'मधलं ते गुपित पण कुणीतरी सांगून टाकलं. आता बघण्यात काय अर्थ?

उत्तर : अरे, रामायणात पुढे काय होणार हे माहीत नसलेला माणूस कधी दशावताराला बसलाय का? 'गॉडफादर'ची पहिली वीस-पंचवीस मिनिटं म्हणजे घरातलं लग्न आहे, बाहेर नाचगाणी, आत वडील एकेकाची गाऱ्हाणी ऐकतायत, धाकटा मुलगा पाहुण्यासारखा बाजूला बसलाय. तो मुलगा शेवटी कुठे पोचतो हे माहीत असून त्या लग्नातलं त्याचं तोंड बघायला जास्त त्रास होतो. मीममध्ये वाक्यं येतात, हे येत नाही. 'सिटिझन केन'चं गुपित कळलं ते विसर, पंचविशीच्या ऑर्सन वेल्सनं एका माणसाचं आयुष्य पाच जणांच्या तोंडून कसं सांगितलंय ते बघ.

प्रश्न (वाचक, पेडणे) : 'कोर्ट' लावला होता, अर्ध्यात बंद केला. काहीच घडत नाही. एवढे पुरस्कार कशाला मिळाले?

उत्तर : व्हेनिसला दोन पुरस्कार मिळाले आणि नंतर राष्ट्रीय पुरस्कारही, पण ते सोडा. तुम्ही बहुतेक खटल्याच्या निकालाची वाट बघत होता. एका लोकशाहिरावर आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं जीव दिला, आणि तारखा पडत राहतात. ज्याचा जमिनीचा किंवा मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) खटला कोर्टात अडकलाय त्याला विचारा, 'काहीच घडत नाही' हेच घडत असतं! आता परत लावा आणि कोर्ट सुटल्यावरचे भाग बघा. सरकारी वकील बाई, गीतांजली कुलकर्णी, मुलाला घेऊन घरी जाते, स्वयंपाक करते, कुटुंबाबरोबर मराठी नाटकाला जाते, आणि त्या नाटकात प्रेक्षक कशावर टाळ्या वाजवतात ते बघा. बाई वाईट नाही. जज वाईट नाही. तरी त्या शाहिराचं काय होतं? दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेनं हे कॅमेरा लांब ठेवून दाखवलंय, जवळ नेऊन कुणाला व्हिलन केलं असतं तर सोपं झालं असतं.

प्रश्न (दोन मुलांची आई, वास्को) : 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' सगळे म्हणतात बघच. मला लहान मुलांचं दुःख बघवत नाही. मी सिनेमाची खरी प्रेमी नाही का?

उत्तर : नका बघू. मनापासून सांगते. युद्धातली दोन भावंडं आहेत आणि सिनेमा पहिल्याच मिनिटाला सांगतो की शेवट काय, तो फसवत नाही, पण सोडतही नाही. मुलं लहान असताना काही सिनेमे बाजूला ठेवायचे असतात, दहा वर्षांनी बघा, नाहीतर कधीच नका बघू. याच जपानी ॲनिमेशन स्टुडिओचा, जिब्लीचा, 'माय नेबर टोटोरो' मात्र मुलांना घेऊन आजच बघा, १९८८ मध्ये जपानात हे दोन्ही सिनेमे एकाच दिवशी, एकाच तिकिटावर लागले होते. त्यातही आई दवाखान्यात आहे, मुलींना भीती आहे, पण ती भीती झेपेल एवढीच आहे.

प्रश्न (निवृत्त बँक कर्मचारी, साळगाव) : दोन्ही मुलं बाहेर, एक लंडनला एक कॅनडात. चवथीला दोघंही येतायत. सगळ्यांनी मिळून बघावा असा एक गाजलेला, आमच्यापैकी कुणीच न बघितलेला सिनेमा सांगाल का?

उत्तर : माझ्या डोक्यात लगेच 'टोकियो स्टोरी' आला, जपानी दिग्दर्शक ओझूंचा, १९५३. मग वाटलं सांगावा की नाही, कारण सुचवताना थोडा विचार करावा लागतो. ओनोमिची नावाच्या समुद्राकाठच्या गावातलं म्हातारं जोडपं मुलांना भेटायला टोकियोला जातं. मुलगा डॉक्टर, मुलगी ब्युटी पार्लर चालवते, दोघंही कामात. वाईट वागत नाहीत, कुणी ओरडत नाही, फक्त वेळ नाही. मग मुलं पैसे काढून आईवडिलांना अतामीला, गरम पाण्याच्या झऱ्याच्या ठिकाणी, पाठवतात, म्हणजे त्यांची सोय आणि आपली पण सुटका. त्या हॉटेलात रात्रभर शेजारी माहजोंगच्या खेळाचा आणि गाण्यांचा दंगा, दोघं झोप न झालेली सकाळी समुद्राच्या भिंतीवर बसतात. युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको, जिचं त्यांच्याशी रक्ताचं काही नातं नाही, ती एकटीच ऑफिसला सुट्टी टाकून त्यांना शहर दाखवते.

ओझू कॅमेरा जमिनीवर चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीला ठेवतात, म्हणून तुम्ही बाहेरून बघताय असं वाटत नाही, त्या घरात मांडी घालून बसल्यासारखं वाटतं. आणि ते मुलांना दोष देत नाहीत, म्हणूनच मी हा सुचवतेय. ज्या घरात मुलं परदेशात आहेत तिथे टोमणा मारणारा सिनेमा लावला तर चवथीचे दिवस खराब होतील. हा टोमणा मारत नाही. आईवडीलही आपसात बोलतात की मुलं बदलली, आणि लगेच म्हणतात की तरी आपली बरीच बरी आहेत. तुम्ही दोघांनी हे कधी म्हटलं नसेल का?

तेव्हा तुम्ही आणि वहिनी आधी दोघंच बघा. सव्वादोन तास आहे. मग तुम्हाला वाटलं तर गणपती विसर्जनानंतर, घर जरा शांत झाल्यावर, मुलांबरोबर परत बघा, त्यांच्या जायच्या आदल्या रात्री मात्र नको. आणि त्यांना सांगू नका की आम्ही बघून झालाय.

प्रश्न (डेलिगेट, पर्वरी) : इफ्फीत दर वर्षी माझं हेच होतं. नवे पुरस्कारवाले सिनेमे बघू की जुने क्लासिक? वेळ कमी, तिकिटं पटापट संपतात.

उत्तर : रोज एक जुना धरा, बाकी नवे. नवे सिनेमे, कानवाले बर्लिनवाले, वर्ष-दीड वर्षात कुठल्या ना कुठल्या ॲपवर येतात. पण नीट दुरुस्त केलेली जुनी प्रिंट मोठ्या पडद्यावर गोव्यात परत कधी लागेल सांगता येत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात हे काम खूप वाढलंय, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून आणि मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनकडून. केरळच्या अरविंदनचा 'थंपू' २०२२ ला आणि बेनेगलांचा 'मंथन' २०२४ ला, दोन्ही नवे होऊन कानला दाखवले गेले. 'मंथन' तर गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून केलेला सिनेमा, स्मिता पाटील, नसीरुद्दीन शहा, गिरीश कर्नाड, आणि तरी आमच्या पिढीत बहुतेकांनी तो फक्त टीव्हीवर, जाहिरातींच्या मध्ये, अर्धामुर्धा बघितलाय.

१९५२ ला मुंबईत पहिला इफ्फी झाला तेव्हा 'बायसिकल थीव्हज' दाखवला होता आणि तो बघून आपल्याकडच्या कितीतरी लोकांचं सिनेमाबद्दलचं डोकं फिरलं. २००४ पासून हा महोत्सव आपल्या दारात आहे, लोक कोलकात्याहून, केरळहून रजा काढून येतात, आपण पर्वरीहून पूल ओलांडून यायचं. शेड्यूल आलं की आधी रिस्टोअर्ड क्लासिकचं पान उघडा, तुमच्या 'राहून गेलेल्या'तलं काही दिसलं तर त्यावर खूण करा आणि बुकिंग उघडल्या उघडल्या तेच तिकीट पहिलं घ्या, गाजावाजा झालेल्या नव्याचं नंतर. सकाळच्या पहिल्या शोला गर्दी कमी असते. तिकीट मिळालं नाही तर रश लाईनमध्ये, म्हणजे तिकीट नसलेल्यांच्या रांगेत, उभं राहा, पण अर्धा तास आधी पोचा, कारण पाटो पुलावर सकाळी किती ट्रॅफिक असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.